ठुशीचा फोटो

गोविंदरावांच्या स्टुडिओत शिरलं की आधी फोटो धुण्याच्या औषधांचा आंबूस वास यायचा, आणि त्यामागून, उघड्या खिडकीतून, बंदरावर वाळत घातलेल्या मासळीचा. छपराला उत्तरेकडे काचा होत्या. आश्विनातलं धुतलेलं ऊन त्यांतून गाळून खाली उतरे, तेव्हा विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं सगळं निश्चल, किंचित हिरवट भासे. त्या उजेडात मी कितीतरी वेळ बसले होते : मानेमागे आधाराला लोखंडी चिमटा, गळ्यात अण्णांनी घडवलेली ठुशी, आणि हनुवटीपासून वरचा सगळा चेहरा काळ्या मखमलीने झाकलेला. कापडाआड माझाच श्वास मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

अण्णा, माझे वडील, ठुशीचा एकेक मणी हाताने घडवत. पण मुंबईहून यंत्रावरचे दागिने येऊ लागले आणि आमच्या दुकानाची पायरी ओस पडत चालली. दादा तेव्हा मुंबईच्या एका पेढीवर वर्षभर राहून आला होता. त्याच्या डोक्यात आलं, की चांगल्या फोटोग्राफरकडून दागिन्यांचे फोटो काढून घ्यावेत, जाड पुठ्ठ्यावर चिकटवावेत, खाली आपलं नाव आणि शिंपल्याचा छाप उठवावा, आणि आगबोटीने जाणाऱ्यांबरोबर मुंबईतल्या कोकणी बिऱ्हाडांत धाडावेत. नुसती मखमलीवर ठेवलेली ठुशी गोविंदरावांना निर्जीव वाटली. तिला गळा हवा होता. माझा गळा ठरला, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "गळा दिसू दे. तोंड नाही."

फोटो सुंदर आले. काळोखातून नुसता एक गळा वर आलेला, आणि त्यावर ठुशीची झळाळी. फक्त गळ्याच्या खळगीशी, जरा डावीकडे, मोहरीएवढा तीळ होता. माझ्या गळ्यावर तीळ नाही. गोविंदराव "धूळ असेल" म्हणाले आणि फोटोच्या मूळ काचेवर शिसपेन्सिलीने तो त्यांनी बुजवला. पुढच्या प्रतींत तो पुन्हा होता. त्यांनी दुसऱ्यांदा बुजवला, मग भिंगातून बराच वेळ पाहत राहिले आणि पेन्सिल ठेवून दिली. दादा हसला. तोवर पत्रं येऊ लागली होती, आणि जवळजवळ प्रत्येकात तीच मागणी होती : तीळवाल्या बाईच्या गळ्यात आहे ती ठुशी. अण्णा पुन्हा दिवसभर कामात बुडून गेले. घरात फक्त मला, आरशासमोर उभी राहिले की, उगाच गळ्यावर बोट फिरवून पाहायची सवय लागली.

शिमग्यानंतरच्या एका टळटळीत दुपारी संगमेश्वराकडची एक म्हातारी दुकानात आली. गिरणीत कामाला असलेल्या मुलाने घरी आणलेला आमचा पुठ्ठा तिने पदरात जपून गुंडाळला होता.

"ह्या फोटूतली पोर कोण? मना बगायची हाय."

आईने मला बाहेर बोलावलं. म्हातारीने माझी हनुवटी वर केली, खडबडीत बोट नेमकं त्या जागी टेकवलं आणि म्हणाली, "बाय, तू नव्हंस ती."

तिची लेक दीड वर्षापूर्वी बाळंतपणात गेली होती. मागे राहिलेली नात आता तिच्यापाशी होती. तो तीळ लेकीच्या गळ्यावर जन्मापासून होता. मान किंचित तिरकी धरायची सवयही तिचीच, असं ती म्हणाली.

"तिचा फोटू कदी निघालाच नाय. एकदा ता काळा कापड काढून फोटू काढा. मना तिचा तोंड बगू दे."

आई घाबरून मला मागे ओढू लागली. दादा काही समजावणार, इतक्यात अण्णांनी हातोडी खाली ठेवली, ठुशी उचलली आणि मला म्हणाले, "चल."

मी पुन्हा त्या खुर्चीत बसले. या वेळी चेहऱ्यावर कापड नव्हतं, तरी श्वास तसाच परका. म्हातारी कॅमेऱ्याशेजारी उभी राहून माझ्याकडे नव्हे, माझ्या मागे पाहावं तशी पाहत होती. गोविंदरावांनी भिंगावरचं झाकण काढलं, आणि त्या दोन-तीन क्षणांत मी मनापासून मागितलं, की येणारा चेहरा माझा नसू दे. एवढं निःस्वार्थी मागणं मी नंतर कधी मागितल्याचं आठवत नाही. त्याची भीती मात्र नंतर वाटली.

काच धुऊन बाहेर आली. चेहरा माझाच होता. गळा स्वच्छ. म्हातारी रडली नाही. तिने तो फोटो मागून घेतला, आणि आईच्या डोळ्यांत नकार दिसत असूनही अण्णांनी तो दिला.

पुढे दोन वर्षांनी दादा कुणाची तरी ठुशी पोचवायला तिकडे गेला, तेव्हा तिच्या घरी डोकावून आला. त्याने जे पाहिलं ते आईला कधीच सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही नजर चुकवून. ओटीवरच्या भिंतीवर माझा फोटो होता. त्याला अबोलीचा ताजा हार, कपाळावर कुंकवाचं बोट. साडेतीन-चार वर्षांची एक मुलगी दादाचा हात धरून त्याला त्यापुढे घेऊन गेली आणि म्हणाली, "ही माजी आय."

दादा फोटो परत मागायच्या निश्चयाने गेला होता. पाणी पिऊन तो तसाच उठून आला. मीही पुढे कधी मागितला नाही. जिवंतपणी आपल्याला कुठेतरी रोज हार घातला जातो, या जाणिवेने कित्येक वर्षं तिन्हीसांजेला माझ्या अंगावर शहारा येई. मग संसाराच्या रगाड्यात तोही विरला.

आता त्या मुलीलाही मुलं असतील. कधीतरी ती त्या भिंतीपुढे आरसा घेऊन उभी राहत असेल, आपल्या नाकडोळ्यांत आईची ठेवण शोधत असेल. आणि कोण जाणे, तिला ती सापडतही असेल.