सतरा नंबरचं उत्तर

आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातला नाही. अमावस्येला गाडीला लिंबू बांधायचं तेही बायको मागे लागली तरच. पंधरा वर्षं सोलापुरात नेटवर्क जोडायचं काम करतोय, आणि या धंद्यात प्रत्येक गोष्टीला कारण असतंच. बहुतेक वेळा ते कारण म्हणजे उंदरानं कुरतडलेली वायर. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण मनात ठेवून झोप लागत नाही, म्हणून लिहितो.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे. नाव सांगत नाही. शेडमध्ये माग, प्रत्येक मागाला छोटा कॉम्प्युटर. मालकांना नवी पेठेतल्या ऑफिसात बसून कुठला माग चालू, कुठला बंद हे बघायचं होतं. म्हणजे शेड, कारखान्याचं ऑफिस आणि नवी पेठ ही तीन वेगवेगळी नेटवर्कं जोडायची. देखभालीसाठी चौथं माझं घर.

हे कसं चालतं ते थोडक्यात सांगतो, पुढे लागेल. एका नेटवर्कच्या आत नुसती हाक मारायची असते. ‘एकशे पाच कोण?’ म्हटलं की ज्याचा तो पत्ता तो ‘मी’ म्हणतो. पण ही हाक दुसऱ्या नेटवर्कात ऐकू जात नाही. तिथे मध्ये राउटर लागतो, म्हणजे दार. चिठ्ठी दाराशी द्यायची, दार पत्ता बघून ती पुढच्या दाराकडे सरकवतं. चिठ्ठी जन्मभर भटकत राहू नये म्हणून तिच्यासोबत तिकिटं असतात. आमच्या यंत्रांच्या उत्तराला चौसष्ट. दर दारावर एक फाडलं जातं. माझ्या घरापासून शेडपर्यंत दारं चार – घराचं, नवी पेठेचं, कारखान्याच्या ऑफिसचं आणि शेडचं. म्हणून मागाचं उत्तर घरी यायचं तेव्हा त्यावर साठ उरलेली असायची. कायम साठ.

मागांना पत्ते देणं सोपं होतं. पहिल्या मागाला एकशे एक, दुसऱ्याला एकशे दोन. सोळाच्या शेजारी मात्र जागा रिकामी होती, आणि पुढे एकदम अठरा. फरशीवर हळदकुंकू वाहिलेलं.

शेडचे मुकादम अंबादासमामा म्हणाले, “सतरा सोडा साहेब. नरसय्यामामा त्या मागावरच गेले. चालू मागावर. माग भंगारात गेला, पन नंबर आमी कुनाला देत न्हाय. खांडेनवमीला बाकीच्या मागांसंगं तितंबी फूल ठेवतो.”

मला लॅपटॉप केबलनं जोडून तपासणी करायची होती, त्यासाठी एक मोकळा पत्ता हवा होता. एकशे सतरा मोकळाच होता. मी तो टाकला.

“पाच मिनिटांसाठी हो मामा. नंबर आहे तो, सातबारा नाही,” मी हसत म्हणालो.

मामा हसले नाहीत. “नंबर बी जागाच असतीय की,” एवढंच बोलून ते गेले.

काम संपलं. लॅपटॉप घरी नेला. माझी मुलगी गौरी सातवीत आहे, तिला शाळेच्या प्रोजेक्टला तो हवा होता. दिवसभर तो घरीच राहणार, म्हणून त्यावरच मागांना हाक मारत राहणारा प्रोग्रॅम लावला. पत्ते सलग टाकले, त्यात एकशे सतराही आला. उत्तर आलं की हिरवी ओळ, नाही आलं की लाल. तिकिटं किती उरली तेही दिसायचं. आणि हे सगळं मला फोनवर बघता यायचं.

सोमवारी सगळ्या ओळी हिरव्या होत्या. एकशे सतरासुद्धा. साठ.

वाटलं, कुणीतरी काहीतरी जोडलं असेल. शेडमध्ये जाऊन तपासलं. प्रत्येक यंत्राला पत्त्याशिवाय बनतानाच एक कायमचा नंबर कोरलेला असतो, माणसाच्या चेहऱ्यासारखा. पत्ता बदलता येतो, तो सहसा बदलत नाही. एकशे सतराच्या हाकेला ‘मी’ म्हणणाऱ्याचा तो नंबर मी टिपून घेतला आणि अंबादासमामांच्या जुन्या वहीत प्रत्येक मागाचा असा नंबर लिहिलेला होता, त्याच्याशी ताडून पाहिला. भंगारात गेलेल्या सतरा नंबरच्या मागाचाच होता. फरशीवर काहीच नव्हतं. नुसतं हळदकुंकू.

मामांनी वही मिटली. माझ्याकडे बघितलंही नाही.

मंगळवारी उत्तरावर एकसष्ट आले. मी फोनकडे बघतच राहिलो. एकसष्ट म्हणजे तीनच दारं. म्हणजे उत्तर देणारा शेडमध्ये नव्हता, शेडचं दार ओलांडून कारखान्याच्या ऑफिसात आला होता. शेडचा पत्ता ऑफिसातून उत्तर देऊच शकत नाही, चिठ्ठी तिकडे जातच नाही. मी सगळे राउटर उघडून वाटा तपासल्या. सगळं बरोबर होतं.

बुधवारी बासष्ट. नवी पेठ.

पुण्याला एक मित्र आहे, या कामातला मुरलेला. त्याला फोन केला. तो म्हणाला, काहीतरी गडबड केलीस, नीट बघ. मी नीटच बघत होतो. त्या रात्री जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर पित्त झालंय म्हणालो.

गुरुवारी सकाळी बासष्टच होते. थोडं हायसं वाटलं आणि कामाला निघून गेलो. दुपारी चारला मी एमआयडीसीतच होतो. फोन काढला. त्रेसष्ट. म्हणजे आता मध्ये फक्त माझ्या घराचं दार. गौरी शाळेतून येऊन घरी एकटी असते. बायको शिक्षिका आहे, ती सहाला येते.

मी लगेच गौरीला फोन लावला.

“काय करतेस गं?”

“प्रोजेक्ट. बाबा, शेजारच्यांनी माग परत सुरू केले का? केवढा खटखट आवाज येतोय.”

शेजारच्यांनी दोन वर्षांपूर्वीच माग विकले. तिथे आता टेलरिंगचं दुकान आहे.

“आणि लॅपटॉपवर काहीतरी आलंय,” ती म्हणाली. “हा पत्ता नेटवर्कवरचं दुसरं यंत्र वापरतंय, असं. ओके दाबू?”

“काही दाबू नकोस. आत्ता उठ आणि शेजारच्या काकूंकडे जा. चप्पल घालत बसू नकोस.”

“बाबा, झालं काय?”

“जा म्हटलं ना.”

फोन न ठेवताच मी ओळ बघितली. चौसष्ट.

एकही दार नाही.

गाडी कशी चालवली आठवत नाही. मुलीला काही झालं तर बायकोला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं. पोचलो तर गौरी काकूंच्या पायरीवर अनवाणी बसलेली, रागावलेली, धडधाकट. मी तिला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, दुखतंय.

मग एकटाच घरात गेलो. आवाज थांबला होता. लॅपटॉप टेबलावर उघडाच होता, स्क्रीनवर तो संदेश. लॅपटॉप घरी वायफायवर चालतो. बाजूच्या खाचेत केबल नव्हती, तरी तिथला बारीक दिवा लुकलुकत होता... कुणीतरी केबल लावल्यासारखा. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. केबलसाठीचं सेटिंग उघडलं. एकशे सतरा. शेडमध्ये पाच मिनिटांसाठी म्हणून टाकलेला पत्ता मी काढलाच नव्हता. नरसय्यामामांची जागा मीच उचलून घरी आणली होती.

पत्ता पुसताना मी मोठ्यानं बोललो. रिकाम्या घरात, वेड्यासारखा. “नरसय्यामामा, चुकलं. जागा तुमचीच हाय. पोरीला काही करू नका.”

दिवा विझला. एकशे सतराची ओळ त्रेसष्ट झाली. थोड्या वेळानं बासष्ट. मी खुर्चीत बसून बघत होतो. एकसष्ट. साठ. मग ओळ लाल झाली.

नोंदी सगळ्या जपून ठेवल्यात. पुण्याच्या मित्राला पाठवल्या. एक दिवस त्यानं घेतला, मग म्हणाला, मला कळत नाही, आणि पुन्हा पाठवू नकोस. मलाही कळलेलं नाही. पंधरा वर्षांत शिकलेल्या कशातच हे बसत नाही.

या खांडेनवमीला शेडमध्ये सोळा आणि अठराच्या मध्ये फूल मी ठेवलं. अंबादासमामा शेजारी उभे होते. आता कुठेही काम घेतलं की आधी विचारतो, यातला कुठला नंबर कुणाचा आहे का. लोक हसतात. हसू देत.

लॅपटॉपवर तो प्रोग्रॅम अजून चालू आहे. बाकीच्या ओळी हिरव्या आहेत की नाही ते कामावर गेल्यावर बघतो. सतरा लाल आहे ना, ते मात्र सकाळी उठल्या उठल्या. आणि मग गौरीला शाळेसाठी उठवतो.