आधी ओव्हन बघायचा

आमचा साहेब पुण्याचा, मीही पुण्याचा. सिंगापूरच्या ऑफिसात तो इंग्रजीतच बोले. मराठीत शिरला की समजावं, कागदावर येऊ नये असं काहीतरी निघतंय. मला मात्र त्यात आपुलकी दिसायची. मूर्ख होतो.

आमच्या बँकेत इस्लामिक पद्धतीचा एक छोटा विभाग होता, बाकी सगळी नेहमीची बँक. दोघांत कमी वेळात जास्त काम कोण उरकतं, ही तुलना त्यानं माझ्या गळ्यात मारली. "अरे, निकाल ठरलेला आहे," लिफ्टमध्ये तो मराठीत म्हणाला, "तो विभाग बंद करायचाय. तू फक्त आकडे लाव."

तो विभाग एक मलय बाई सांभाळायच्या. त्यांच्याकडे व्याज नाही. बेकरीवाल्याला ओव्हन हवा असेल तर बँकेनं तो आधी स्वतः विकत घ्यायचा, मग नफा लावून त्याला विकायचा. जे आपलं नाही ते विकायचं नाही, म्हणून बाई प्रत्येक ओव्हन स्वतः जाऊन बघायच्या. मी घड्याळ लावून बसलो आणि लिहिलं: वेळेचा अपव्यय.

एकदा एका बेकरीवाल्याचा ओव्हन विक्रेत्याच्या पत्त्यावर बघायला गेल्या आणि तणतणत परत आल्या. "ओव्हन नाहीच तिथे. रिकामी शेड आहे!" त्यांनी अर्ज फेटाळला. त्याच आठवड्यात तो बेकरीवाला नेहमीच्या विभागात गेला. तिथे कागद बघून दुपारच्या जेवणाआधी कर्ज मंजूर झालं. माझा अहवाल पुरा होईपर्यंत पैसे घेऊन गडी गायब.

मी ते अहवालात घातलं. "एका केसनं काय होतंय? काढ ते," साहेब म्हणाला, अर्थात मराठीत. माझ्या पीआरच्या, म्हणजे सिंगापुरात कायम राहायच्या परवान्याच्या, अर्जाला त्याचं पत्र हवं होतं. मी काढलं.

विभाग बंद झाला, बाईंची नोकरी गेली. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, "ती रिकामी शेड लिहिलीस ना?"

"हो," मी म्हणालो. धडधडीत खोटं.

आता साहेबानं नवा नियम काढलाय: कर्ज देण्याआधी वस्तू डोळ्यांनी बघायची. स्वतःची अक्कल म्हणून मिरवतो निर्लज्ज, आणि बघायला मला पिटाळतो. परवा शहराच्या पार टोकाला, चोआ चू कांगच्या पलीकडे एका शेडमध्ये ओव्हनला हात लावून उभा होतो. त्याच्या नावानं मनातल्या मनात शिव्या घातल्या. पण बाईंना "हो" म्हणणारं तोंड त्याचं नव्हतं.

घड्याळ बघितलं. अख्खी सकाळ गेली होती. वहीत मी फक्त लिहिलं: ओव्हन आहे.