सावलीतली हळद

काहीही विचारा, बाबा आधी मान वर करून झाडांकडे बघायचे आणि मग म्हणायचे, "सावली कुठं पडती ते बघू." पोरीचं लग्न असो की सायकलचं पंक्चर, सुरुवात हीच.

वारज्यात तेव्हा शेतांमधून इमारती उठत होत्या. मी कॉम्प्युटर कंपनीत लागले आणि तिथंच चौथ्या मजल्यावर घर घेतलं. गॅलरीखाली एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं अर्धा एकर रान; त्यांना सगळे बाबाच म्हणायचे. बांधांवर आंबा, शेवगा, हादगा. मधल्या पट्ट्यांत बाजरी आणि तूर, हिवाळ्यात ज्वारी. अशा गॅलरीत हातातला चहा कसा निवतो, ते तुम्हाला सांगायला नको.

पेरणीआधी ते फांद्या छाटत, पाला तिथंच मातीवर अंथरत आणि झाडालाच दटावत, "सरक जरा, पिकाला ऊन येऊ दे."

पहिल्याच मार्गशीर्षात ऊन कललं आणि आमच्या इमारतीची सावली त्यांच्या ज्वारीवर जाऊन पडली. कणसं पोचट राहिली. घरची वर्षाची भाकरी त्यातच होती. मी ओशाळून खाली गेले. "बाबा, आता कसं हो?"

त्यांनी वर पाहिलं, या वेळी इमारतीकडे. "झाडाची सावली छाटता येती, ताई. तुमची कशी छाटू?"

मला रडूच आलं. तर बाबाच हसले. "गप ऱ्हावा. सावलीत येतंय ते लावू."

पुढच्या वर्षी आमच्या सावलीत हळद आणि आळू आलं, ज्वारी पलीकडच्या उन्हात गेली. रविवारी दुपारी डोळा लागायचा, तेव्हा पानांची ती सळसळ खालची की स्वप्नातली, कळायचं नाही.

एका वर्षी पावसानं दडी मारली. शेजारची उघडी रानं करपली. बाबांच्या पाल्याखाली मात्र ओल टिकली, थोडी बाजरी हाती लागली, आणि उन्हाळ्यात शेवगा लगडला. घरचं भागवून शेंगांची जुडी आमच्याही दारात आली. "खावा. कंपनीत शेंगा लागत न्हाईत."

मग एका हिवाळ्यात ते रानात दिसेनासे झाले. माघात त्यांची सून जिना चढून आली. पदरात ओली हळद होती.

"मामंजी गेले," ती म्हणाली. "सांगून गेलेत, यंदाची पयली हळद चौथ्या मजल्यावरच्या ताईंना द्या. त्यांच्या सावलीची हाय."

मी हळकुंड हातात घेतलं. बाबांसारखी मान वर केली. वर नुसतं छत होतं.