नावं संपेपर्यंत

कॅरिबियनमधल्या त्या चिमुकल्या बेटावर मी सकाळी पाव घ्यायला बेकरीत गेलो, तेवढ्यात रेडिओवर कुणाच्या तरी निधनाची बातमी लागली. पाव गुंडाळणाऱ्या बाईंचे हात थांबले. रांगही गप्प झाली. गेलेल्या म्हातारीची मुलं, नातवंडं, शेजारणी, तिच्याकडून मासळी घेणारे, सगळ्यांची नावं निवेदक सावकाश वाचत होता. मी उगाच घड्याळ पाहिलं.

“तुमच्या नात्यातल्या होत्या का?” मी हळूच विचारलं.

“नाही. पण नावं संपेपर्यंत थांबायचं असतं,” बाई म्हणाल्या.

मग मीही थांबलो. दोन दिवस या बेटाच्या संथपणाला मी आळस समजत होतो. वेळ त्यांच्याकडेही आपल्याइतकाच होता. फक्त ते तो माणसांवर घालवत होते.

पुण्यात आमच्या भिंतीपलीकडे एक काका राहायचे. त्यांचा खोकला मला झोपेतही ओळखू आला असता. ते गेल्याचं मला दहा दिवसांनी लिफ्टमध्ये कळलं. “अरेरे” म्हणेपर्यंत माझा मजला आला.

पाव हातात आला तेव्हा थोडा निवला होता. काकांचं नाव मनातल्या मनात घ्यावंसं वाटलं, पण आठवेना. आठवेना कसलं, मी ते कधी विचारलंच नव्हतं.