कोबीवरचं वजन

बूट पिशवीत होता. डाव्या बुटाखाली बांधायचा पोलादी तळवा मात्र नव्हता. तो कुठे असेल हे गेरार्दला लगेच आठवलं: घरी तळघरात, आंबवायला घातलेल्या कोबीच्या पिंपावर. दाबाच्या दगडाचा टवका उडाला, वजन कमी पडलं, म्हणून आठवड्यापूर्वी त्यानेच तळवा झाकणावर ठेवला होता. "उद्या काढतो," असं बायकोने, रोझालियाने, विचारल्यावर सांगितलंही होतं. मग पावसाने सराव बुडाला आणि उद्या राहून गेला.

सायलेशियातल्या आमच्या खाणगावात गेरार्द कागदोपत्री खाणीतला फिटर. प्रत्यक्षात वीस वर्षं तो मातीच्या गोल ट्रॅकवर, ब्रेक नसलेल्या मोटरसायकलवर, वळणावर डावा पाय मातीत घासत, डावीकडे वळत आला. एकदा देशात पहिला आला, तेव्हा लोकांनी त्याला चर्चच्या दारापर्यंत खांद्यावर नेलं. त्यानंतर गळपट्टीची दोन्ही हाडं मोडली, एक नडगी मोडली. रोझालिया म्हणायची, "घरी येतानासुद्धा हा डावीकडच्याच गल्लीने येतो."

आज मोसमाचा शेवटचा सामना. क्लबच्या अध्यक्षांनी सकाळीच सांगितलं होतं, "शेवटच्या शर्यतीत पहिल्या दोघांत ये, पुढच्या वर्षी संघात आहेस. नाहीतर चांगला कोट घालून येत जा, माझ्या शेजारी बस." ते हे प्रेमाने बोलले होते. गेरार्द त्यानेच जास्त थकला होता.

प्रतिस्पर्धी संघातला अल्फोन्स, त्याचा जुना वैरी, सुजलेलं मनगट मांडीवर घेऊन खोक्यावर बसला होता. त्याचा दिवस पडण्यातच संपला होता.

"तळवा दे रे तुझा."

"तुझा कुठाय?"

"कोबीवर."

"पंधरा वर्षं तुझ्या मागून माती खाल्ली मी. आणि तू कोबी घालत होतास होय."

"देतोस का नाही?"

"एक बरणी कोबी. वहिनींच्या हातचा. तू हात लावायचा नाहीस."

"कबूल."

तळवा ज्याच्या त्याच्या पायावर ठोकून बसवलेला असतो. अल्फोन्सचा पाय मोठा. गेरार्दने फडकं कोंबून पट्टे आवळले.

सुरुवातीच्या रेषेवरची फीत वर गेली आणि तो नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी सुटला. दोन फेऱ्या पुढेच होता. तिसऱ्या फेरीत वळणावर तळवा पायाखालून फिरला. नुसत्या बुटाने पाय घासत जाता आलं असतं. पंचविशीत तो तसा गेलाही होता. आज त्याच्या हातानेच वेग देणारी मूठ सैल केली, त्याला न विचारता. एक पुढे गेला, मग दुसरा, मग तिसराही. शेवट गाठला तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

"तळव्यामुळे झालं," अध्यक्ष म्हणाले. "ही शर्यत मी धरत नाही, गेरार्द."

गेरार्द हातमोजे काढत होता. "धरा. तळवा सुटला, पण मूठ मी सोडली."

"मग?"

"मग कोणता कोट घालू, तेवढं सांगा."

घरी पिंप उघडलं तर तळव्याला तांबेरा चढला होता आणि कोबी लोखंडासारखा लागत होता. रोझालियाने तो ओतून दिला. त्या आठवड्यात दोघांनी नवा चिरला. गेरार्दने तळवा घासूनपुसून मेणकापडात गुंडाळला आणि पुन्हा झाकणावर ठेवला. उद्या काढतोस ना, असं या वेळी रोझालियाने विचारलं नाही.

अल्फोन्सचा तळवा त्याने सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी बसने पोचता केला होता. बरणी अजून द्यायची आहे.