लेकीचे पाय धुताना

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगते. ऐन नवरात्रात माझी सात वर्षांची गौरी तापानं फणफणली होती आणि एक पाय ओढत चालत होती. दोरीवरच्या उड्या मारताना लचक भरली असेल, असं घरात सगळ्यांचं मत. त्यात सासूबाईंचा हट्ट, की अष्टमीच्या कुमारिकांत नातही पाटावर बसलीच पाहिजे. "अहो आई, पोर तापलीय," मी म्हटलं. "दोन मिनिटं बसेल गं," त्या म्हणाल्या. धुसफुसतच मी तांब्या उचलला.

आपल्याकडे त्या दिवशी आईच लेकीच्या पाया पडते. पाय धुताना ओला होऊ नये म्हणून तिचा परकर वर सरकवला आणि माझा हात मांडीला लागला. गौरी किंचाळली. मांडी टणक, गरम, दुसरीपेक्षा चांगली जाड! सासूबाई तेलाची वाटी आणायला उठल्या, तेवढ्यात दुसऱ्या एका कुमारिकेबरोबर आलेली बाई पुढे झाली. "मालिश मत कीजिए दीदी! मेरे बेटे को यही हुआ था, अंदर मवाद था. अभी अस्पताल ले जाइए."

पूजा तशीच टाकून आम्ही निघालो. डॉक्टर म्हणाले, मांडीच्या स्नायूत जंतुसंसर्ग होऊन पू साठलाय. चीर देऊन काढावा लागेल, रक्तात पसरला तर जिवावर बेतेल. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नर्स गौरीला घ्यायला आली, पण माझे हात काही सुटेनात. शेवटी आमच्या घाटाजवळच्या देवीला मनात म्हटलं, संकठामाई, पोर तुझी, माझ्याच्यानं आता काही होत नाही. मग हात सुटले. रडले खूप, पण त्या रडण्यात भीती कमी होती.

पू निघाला, औषधं लागू पडली, हळूहळू पोर चालू लागली. त्या बाईंना भेटायला म्हणून शोधलं, तर मला वाटत होतं सासूबाईंनी बोलावलं आणि सासूबाईंना वाटत होतं मी. ब्रह्मा घाटाच्या आमच्या गल्लीत त्यांना किंवा त्यांच्याबरोबरच्या मुलीला कुणीच ओळखत नाही. कोण होत्या, याचा खल मी करत नाही. देवीनं माझा राग पोटात घातला, एवढं मला पुरे.

हल्ली देवळातून निघालं की गौरी आमच्या पुढे घाटाकडे धूम ठोकते आणि मी ओरडते, "अगं, हळू! पडशील!" सासूबाई हसतात, "देवीवर सोपवलीस ना?" सोपवलीय हो. ओरडायचं काम तेवढं देवीनं माझ्याकडे ठेवलंय.