चित्राताईंची काळी दोन

स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडी लावली की चित्राताई लगेच उतरायच्या नाहीत. इंजिन बंद, काचा वर, डोळे समोरच्या कुंपणावर, आणि मग एक लांब, खालचा सा. पेटी नाही, तानपुरा नाही, तरी तो नेमका काळी दोनवर, पेटीवरच्या त्या खालच्या पट्टीत, लागायचा. "घरी भिंती पुठ्ठ्याच्या," त्या म्हणायच्या, "आणि शिरीषची मीटिंग चालू असते." मी मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरात त्यांच्याकडे खोली घेऊन राहत होते. युनीला, म्हणजे युनिव्हर्सिटीत, जायला त्यांच्याच गाडीतून स्टेशनपर्यंत यायचे, त्यामुळे तो सा रोज माझ्याही वाट्याला यायचा. तो थांबला की त्या पर्स उचलायच्या. "चल. सुयांची वेळ झाली." रक्ततपासणीच्या लॅबमध्ये त्या रक्त काढायचं काम करत.

पूर्ण नाव चित्रलेखा. माहेर सांगलीचं. वडील, चंद्रहास, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. गाण्याच्या क्लासात सगळ्या मुली एकत्र काळी चारमध्ये, चढ्या पट्टीत, गायच्या. पेटी एक, म्हणून पट्टी एक. वरच्या सुरांवर चित्राताईंचा आवाज फाटायचा. बाईंनी आधी मागे बसवलं, मग म्हणाल्या, तू नुसते ओठ हलव. त्या दिवशी वडिलांनी क्लॅरिनेट काढून त्यावरचे खालचे, दाट सूर वाजवून दाखवले. "तुझा आवाज इथला आहे. आपल्याकडे मुलींना इथे गाऊ देत नाहीत, एवढंच." क्लास सुटला. नंतर शिरीषदादांशी लग्न, त्यांचा व्हिसा, मेलबर्न.

गाणं परत आलं ते एका बार्बेक्यूत. ग्लेन वेव्हर्लीच्या यतिनकडे. यतिन आठवडाभर कोडिंग करायचा आणि शनिवारी सॅक्सोफोन वाजवायचा. बारा जणांचा स्विंग बँड त्याने जमवला होता. स्विंग म्हणजे आजोबा-पणजोबांच्या काळातलं अमेरिकन नाचाचं संगीत, पितळी वाद्यांचं, ठेक्याला झोका असलेलं. भांडी विसळताना चित्राताई काहीतरी गुणगुणत होत्या, आणि तो हातात चिमटा घेऊन तसाच उभा राहिला.

"अगं, हा आवाज कुठे लपवून ठेवला होतास?"

"लपवला नाही रे. कोणी विचारलं नाही."

"तुझी पट्टी सांग. मी तुझ्यासाठी लिहितो."

हे वाक्य त्या मला कितीदा सांगायच्या. पेटीवाला बोटं सरकवून पट्टी बदलतो. पितळी वाद्यांच्या बँडमध्ये तसं होत नाही. प्रत्येक वाद्याचा कागद नव्याने लिहावा लागतो. यतिनने सगळी गाणी काळी दोनमध्ये लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा बारा माणसं त्यांच्या सुराकडे खाली उतरून आली होती.

मग लाकडी फरशीच्या हॉलमधले कार्यक्रम, ठिपक्यांचा झगा, केसांत कागदी फूल. आपलेच लोक थट्टा करायचे. "काय चित्रा, हळदीकुंकवालाही हाच ड्रेस का?" त्या हसायच्या. रिहर्सलला दर शनिवारी स्टीलचा डबा भरून चिवडा न्यायच्या. बँडमध्ये त्या नुसत्या 'लेखा'; ट्रॉम्बोन वाजवणारा म्हातारा रॉन चिवड्याला 'लेखाज क्रंची स्टफ' म्हणायचा.

यंदा टूवूंबाच्या महोत्सवाचं बोलावणं आलं. बँडचा पहिलाच परराज्यातला कार्यक्रम, आणि पोस्टरवर गायिकेचं नाव असणार होतं. त्यांनी रजा टाकली. सांगलीला वडिलांना फोन करून सांगितलं, "बाबा, नाव छापणार आहेत."

त्याच सुमारास यतिन मयूराला घेऊन आला. युनीत शिकणारी, इथेच वाढलेली, गोड मुलगी. "बॅकअप असू दे. तुला सर्दी झाली तर? जरा तयार कर ना तिला." चित्राताईंनी तिला दिवाणखान्यात पेटीसमोर बसवलं, श्वास कुठे घ्यायचा, शब्द कुठे सोडायचा ते दाखवलं. ती खाली उतरायला लागली की आवाज पातळ व्हायचा. तेव्हा त्यांनी स्वतः माझ्यासमोर यतिनला फोन केला. "हे बघ, मुलगी काळी चारची आहे. तिला माझ्या पट्टीत ओढू नकोस. तिचे हाल करू नका कोणी."

फोन ठेवल्यावर बराच वेळ त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

टूवूंबाच्या आधीच्या शनिवारी लॅब लवकर सुटली. घरी न जाता त्या थेट रिहर्सलच्या हॉलवर आल्या; मला पुढे भाजीला जायचं होतं, म्हणून स्टेशनवरून मीही गाडीत बसले होते. सकाळीच भरून घेतलेला डबा माझ्या मांडीवर. काच खाली होती. आतून बँड ऐकू आला, चित्राताईंचंच गाणं, सुरुवातीची पितळी उठावणी.

चित्राताईंनी दारावर ठेवलेला हात काढून घेतला.

"काळी चार," त्या म्हणाल्या.

मग मयूराचा आवाज आला. चित्राताई जिथे श्वास घ्यायच्या तिथेच तिने श्वास घेतला.

आत गेलो तेव्हा गाणं आपोआप विरलं. रॉन बुटांकडे बघत राहिला. यतिन पुढे आला. "अगं, तू लवकर आलीस! काही नाही, नुसता ऑप्शन ठेवलाय."

"यतिन, बारा जणांचे कागद ऑप्शन म्हणून कोणी लिहीत नाही."

"ऑर्गनायझर्सना जरा ब्राइट साउंड हवाय. तरुण. माझ्या हातात नाहीये ते."

"लिहिलं कोणी?"

तो स्टँडवरचे कागद सारखे करू लागला.

"मला कधी सांगणार होतास?"

"आज. रिहर्सल झाल्यावर."

"म्हणजे आधी तिची रिहर्सल, मग माझी, आणि मग सांगणं."

मयूरा रडवेली झाली. "मावशी, आय थॉट तुम्हाला माहितीये. यतिन अंकल सेड यू टोल्ड हिम माय की, माझी पट्टी."

"हो," चित्राताई म्हणाल्या. "मीच सांगितली."

यतिन चाचरला. "पुढच्या महिन्यात इथला शो आहे ना, तो तूच..."

चित्राताईंनी माझ्या हातातला डबा घेतला. मी वाट बघत होते की आता त्या ओरडतील. क्लासच्या बाईंसमोर त्यांनी नुसते ओठ हलवले असतील तेव्हा अशाच दिसल्या असतील, असं मला वाटलं.

आता सकाळी पार्किंगमध्ये गाडी लावली की त्या लगेच उतरतात. रस्ताभर बातम्या लावलेल्या असतात. सांगलीचा फोन शिरीषदादा घेतात. टूवूंबाचे फोटो यतिनने ग्रुपवर टाकले तेव्हा त्यांनी लाइकचा अंगठा टाकला, त्यापलीकडे एक शब्द नाही. बँडमधल्या कोणाशी त्या पुन्हा बोललेल्या नाहीत.

त्या दिवशी हॉलमध्ये त्यांनी स्टीलचा डबा टेबलावर ठेवला, झाकण काढलं, शेजारी पडलेली कागदी बशी यतिनकडे सरकवली आणि म्हणाल्या, "चिवडा यात ओतून घे. डबा मला घरी लागतो."